मेडिकलमध्ये मेंदू कोण शिकवतो?

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या एका मजूर कुटुंबातला नऊ वर्षांचा मुलगा सकाळी उठला, तो बोलेचना. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. उजव्या हातातून पाण्याचा गिलास खाली पडला आणि उजवा पाय फरफटू लागला. मुलाला सिकलसेलचा एसएस पॅटर्न आहे हे घरच्यांना माहीत होते. हातापायांची दुखणी, पिवळे डोळे, दर दोन-चार महिन्यांनी दवाखान्यात भरती, हे सगळे त्या घराच्या अंगवळणी पडले होते. पण सिकलसेल हा रक्ताचा रोग, तो डोक्यात कसा जाईल? आजी म्हणाली, वारं लागलं. दिवसभर तेल चोळले गेले. संध्याकाळी एका खाजगी दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलाची आई माझ्याकडे आली. वस्तीतल्या रुग्णांना मेडिकलला नेऊन चिठ्ठी काढून देणे, रक्ताची सोय पाहणे हे काम मी नोकरी सांभाळून बरीच वर्षे करतो. आम्ही लगेच ऑटो केला. पण दीड दिवस हातचा गेला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात राउंड सुरू झाला. मुलांच्या खाटेभोवती दहा-बारा विद्यार्थी, मध्ये त्यांच्या मॅडम. मॅडमनी छोट्या हातोडीने मुलाच्या गुडघ्याखाली टिचकी मारली. मग किल्लीच्या टोकाने तळपायावर टाचेकडून बोटांकडे रेघ ओढली. डाव्या पायाची बोटे खाली वळली, उजव्या पायाचा अंगठा मात्र वर उचलला गेला. मॅडमनी विद्यार्थ्यांना विचारले, "मेंदूची कुठली बाजू?" सगळे एकदम म्हणाले, "डावी."

कोपऱ्यात उभी असलेली आई पुढे आली. म्हणाली, "मॅडम, हात तर पोराचा उजवा गेला. मग डोस्क्याची डावी बाजू काहून म्हनता जी?"

विद्यार्थी हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या विद्यार्थ्यांना म्हणाल्या, "परीक्षेत हाच प्रश्न येतो. ताईंना समजेल असे कोण सांगतो?" बराच वेळ कुणी बोलले नाही. शेवटी एका मुलीने सांगितले. मेंदूच्या डाव्या भागातून निघालेल्या तारा मानेच्या वर, मेंदूच्या देठाशी, एकमेकींना ओलांडून उजवीकडे जातात. म्हणून डाव्या मेंदूला रक्त मिळाले नाही की उजवे अंग जाते. आणि बहुतेक माणसांत बोलण्याचे केंद्रही डावीकडेच असते, म्हणून बोलणेही जाते.

त्या दिवशी मला जाणवले, की त्या वॉर्डात शिकवत फक्त मॅडम नव्हत्या. खाटेवरचे लेकरूही शिकवत होते आणि त्याची आईही. मेंदूचे शास्त्र मेडिकलमध्ये कसे शिकवले जाते, त्यात नागपूरने काय भर घातली आणि त्यातले आपल्या घरापर्यंत काय आले पाहिजे, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेख.

पहिला गुरू बेवारस

एमबीबीएसचा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यानंतर एक वर्ष इंटर्नशिप. मेंदूविकारतज्ज्ञ व्हायचे तर त्यापुढे एमडीची तीन वर्षे आणि मग डीएमची आणखी तीन. मी बी.कॉम. झालेला माणूस, बेरीज चटकन करतो. साडेअकरा वर्षे झाली, आणि प्रवेश परीक्षांच्या तयारीची वर्षे वेगळी. एवढ्या लांब वाटेची सुरुवात होते ती डिसेक्शन हॉलमध्ये, मृतदेहापाशी.

माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा असतो. ताजा मेंदू इतका मऊ असतो की हातात धरला तर आकार राहत नाही. म्हणून तो फॉर्मेलिनच्या द्रावणात मुरवून घट्ट करतात आणि मग त्याचे काप करून आतली रचना दाखवतात. शरीराच्या वजनाच्या मानाने मेंदू शंभरात दोन भाग, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा खातो. त्यात सुमारे ८६०० कोटी चेतापेशी असतात. साठवण मात्र काहीच नाही. रक्त काही मिनिटे थांबले की पेशी मरू लागतात. मेंदूच्या बुडाशी रक्तवाहिन्यांचे एक कडे असते, विद्यार्थ्यांना ते काढून, चित्र रेखाटून, नावानिशी पाठ करावे लागते. त्या मुलाची अडचण त्याच कड्याजवळच्या नळीत होती.

हे मृतदेह येतात कोठून? महाराष्ट्रात १९४९ चा ॲनाटमी कायदा आहे. सरकारी दवाखान्यात किंवा सार्वजनिक जागी मरण पावलेल्या माणसाच्या देहावर कुणी हक्क सांगितला नाही, तर तो देह या कायद्यानुसार मेडिकल कॉलेजला अभ्यासासाठी देता येतो. म्हणजे स्टेशनबाहेर, फूटपाथवर, वॉर्डाच्या व्हरांड्यात ज्याचे कुणी नव्हते, त्या माणसाच्या देहावर डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. जिवंतपणी ज्याला कुणी रांगेत पुढे घेतले नाही, तो मेल्यावर गुरू झाला. २०१९ पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे विद्यार्थी विच्छेदनाला हात लावण्याआधी त्या देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. ही चांगली गोष्ट झाली.

आता देहदानही वाढते आहे. ज्यांना इच्छा आहे त्यांनी घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवावे, कारण शेवटी निर्णय घरच्यांच्या हाती असतो. मृत्यूनंतर थोड्या तासांतच ॲनाटमी विभागाला कळवावे लागते, मृत्यूचा दाखला लागतो, आणि अपघात किंवा पोलीस केसमधला देह सहसा घेतला जात नाही.

जगातही हेच झाले

शास्त्र मोठ्यांच्या डोक्यातून निघते असा आपला समज असतो. मेंदूच्या बाबतीत ते बरेचदा गरिबाच्या खाटेवरून निघाले. १८६१ साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा एक कारागीर वर्षानुवर्षे पडून होता. त्याला समोरच्याचे सगळे कळे, पण बोलायला गेला की तोंडून 'तान' एवढेच निघे. दवाखान्यातले लोक त्याला तान म्हणूनच हाक मारत. तो वारल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूला पुढच्या भागात बिघाड सापडला. बोलण्याला मेंदूत जागा आहे, हे तेथून पक्के होत गेले. त्या जागेला आज जगभर ब्रोकाचे नाव आहे. लबोर्नचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते.

तळपायावर रेघ ओढण्याची जी तपासणी मॅडमनी केली, ती बाबिन्स्की या डॉक्टरने १८९६ साली पॅरिसमध्येच मांडली. तिला ना यंत्र लागते ना पैसा. आज स्कॅनची सोय असली तरी हातोडी, किल्ली आणि टॉर्च यांवरच मेंदूची पहिली परीक्षा शिकवतात. रोग कोठे आहे हे आधी माणूस तपासून ठरवायचे, मग स्कॅन पाहायचा.

नागपूरची पाटी

आपले मेडिकल कॉलेज १९४७ साली सुरू झाले. मेयो रुग्णालयाशी जोडलेले दुसरे सरकारी कॉलेज १९६८ पासून आहे आणि एम्स २०१८ पासून. मेडिकलला जोडलेल्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात मेंदूविकार आणि मेंदूच्या शस्त्रक्रिया यांचे स्वतंत्र विभाग आहेत. रामबाग, इमामवाडा, जाटतरोडीच्या माणसांना तर ही सगळी इमारत चालत जाण्याच्या अंतरावर. पण या भिंतींच्या आत नागपूरच्या रोग्यांनी जगाला काय शिकवले, हे भिंतीबाहेरच्यांना कुणी सांगत नाही.

१९५८ साली नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलवरचा निबंध लंडनच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापला. भारतात हा दोष आहे हे १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींच्या आणि आसामातील चहामळ्याच्या मजुरांच्या तपासणीतून दिसले होते. तो विदर्भात, आपल्या समाजात आणि शेजारच्या समाजांतही आहे, हे नागपूरने दाखवले.

बरीच वर्षे पुस्तकात असे लिहिले जाई, की भारतातला सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो. मेडिकलच्या बालरोग विभागातील डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथली मुले वर्षानुवर्षे तपासून दाखवले, की मध्य भारतातल्या पुष्कळ मुलांना हा रोग चांगलाच तीव्र होतो. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाची कमी आणि ठराविक मात्रा दिल्याने मुलांची दुखणी, रक्त चढवण्याची गरज आणि भरती कमी होते, हा त्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या अभ्यासातली मुले आपल्याच वस्त्यांतली, गावांतली होती.

सिकलसेल डोक्यात कसा जातो?

सिकलसेलमध्ये रक्ताच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या व कडक होतात. त्या बारीक नळ्यांत अडकतात, म्हणून हाडे दुखतात, हे आपण जाणतो. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या नळ्यांचे आतले अस्तरही या पेशींच्या माऱ्याने खराब होत जाते. नळी हळूहळू अरुंद होते. एके दिवशी पुरते रक्त पोचत नाही आणि लेकराला लकवा मारतो. लकवा म्हाताऱ्यांना होतो असे आपण समजतो. अमेरिकेतल्या मोठ्या नोंदींत, उपचारांची ही पद्धत येण्याआधी, एसएस असलेल्या शंभरातल्या अकरा जणांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत लकवा झालेला आढळला होता.

याहून लपून होणारी एक हानी आहे. कधी मेंदूचा अगदी छोटा तुकडा मरतो. हात जात नाही, पाय जात नाही, बाहेरून काहीच कळत नाही. एमआरआय काढला तरच डाग दिसतो. अमेरिकेतल्या एसएस मुलांत साधारण दर तिघांमागे एकाला असे डाग सापडले. अशा मुलाचे लक्ष लागत नाही, पाठांतर टिकत नाही, गणित चुकते. गुरुजी म्हणतात ढ आहे, बाप म्हणतो आळशी आहे. मला स्वतःला हे समजल्यावर वस्तीतली दोन-तीन मुले डोळ्यांपुढे आली, ज्यांच्या पालकांना मीच "शिकवणी लावा" असा सल्ला दिला होता. एसएस असलेले मूल अभ्यासात एकाएकी मागे पडू लागले, तर छडीच्या आधी डॉक्टर आठवावा.

आता चांगली बातमी. नळी अरुंद झाली की तिच्यातून रक्त जोराने धावते, जसे पाण्याच्या पाइपाचे तोंड बोटाने दाबल्यावर पाणी जोरात उडते. कानाच्या पुढे, कपाळाच्या बाजूला सोनोग्राफीसारखे यंत्र टेकवून हा वेग मोजता येतो. या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर म्हणतात. तीत सुई नाही, भूल नाही, दुखत नाही. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्यावर गेला तर धोका मोठा. १९९८ मध्ये अमेरिकेत अशा वेगाच्या १३० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ६३ मुलांना नियमित रक्त दिले, ६७ मुलांना नेहमीचेच उपचार. दुसऱ्या गटात ११ मुलांना लकवा झाला, रक्त मिळालेल्या गटात फक्त एकाला. फरक इतका मोठा दिसला की अभ्यास मुदतीआधीच थांबवून सगळ्या मुलांना रक्त देण्याची शिफारस झाली. पुढे काही निवडक मुलांत रक्ताऐवजी हायड्रॉक्सीयुरियावर भागते असेही दिसले, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचे.

म्हणून तज्ज्ञांचा सल्ला असा, की एसएस मुलाची दोन ते सोळा वर्षांपर्यंत दर वर्षी ही तपासणी व्हावी. आमच्या वस्तीतल्या त्या मुलाची नऊ वर्षांत एकदाही झाली नव्हती. कुणी सांगितले नाही, आणि आम्ही कुणाला विचारले नाही. विचारायचे असते हेच आम्हांला माहीत नव्हते.

चांदीपुरा: नागपूरच्या नावाचा ताप

मेंदूच्या पुस्तकात नागपूरचे आणखी एक नाव आहे आणि ते अभिमानाचे नाही. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचे भट्ट आणि रॉड्रिग्ज यांना इथल्या तापकरी रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. जिथून तो मिळाला त्या चांदीपुरा भागाचेच नाव त्याला दिले. तेव्हा तो साधाच वाटला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात मेंदूज्वराची साथ आली, ३२९ मुले आजारी पडली आणि १८३ दगावली. तपासात चांदीपुरा निघाला. २००७ मध्ये तो आपल्या नागपूर विभागात दिसला. मेंदूज्वराच्या ७८ मुलांपैकी ३४ गेली. २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातेत त्याने पुन्हा डोके वर काढले.

हा विषाणू वाळूमाशी नावाच्या अगदी बारीक माशीच्या चाव्यातून येतो. ही माशी डासाहून लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत, ओलसर काळोख्या कोपऱ्यांत, गोठ्याजवळ राहते. म्हणजे घर कुणाचे, हे सांगायला नको. सकाळी ताप, दुपारी उलटी आणि झटके, रात्री बेशुद्धी, इतक्या वेगाने हा आजार वाढतो. त्यावर खास औषध नाही, लसही नाही. मेंदूची सूज आणि झटके आवरणे, श्वास सांभाळणे, हेच उपचार. आणि त्यासाठी मूल वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचले पाहिजे. पावसाळ्यात तापाच्या मुलाला झटका आला किंवा ते गुंगीत जाऊ लागले, तर सकाळची वाट पाहू नये. भिंतींच्या भेगा लिंपणे, मुलांना मच्छरदाणीत निजवणे आणि फवारणीसाठी नगरपालिकेच्या वा ग्रामपंचायतीच्या मागे लागणे, हे आपल्या हातचे आहे.

लाखोळीची मजुरी

तिसरा धडा शेतमजुरांचा. मध्य प्रांतात दुष्काळ पडला की गहू-हरभरा जळे, पण लाखोळी तग धरी. काही भागांत जमीनदार मजुरीतच ती देत. महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून लाखोळीच खाल्ली, की धडधाकट तरुणांचे पाय आखडत, टाचा टेकत नसत, गुडघे एकमेकांवर घासत आणि शेवटी काठी हातात येई. बुद्धी शाबूत, बोलणे शाबूत, पाय मात्र कायमचे गेले. सागर भागातली अशी साथ इंग्रज अधिकारी स्लीमनने एकोणिसाव्या शतकातच लिहून ठेवली आहे.

लाखोळीतला जो अंश मेंदूकडून पायांकडे जाणाऱ्या चेतापेशींना मारतो, तो भारतीय शास्त्रज्ञांनी १९६४ साली वेगळा करून दाखवला. त्याआधी १९६१ मध्येच विक्रीवर बंदीचा नियम आला होता. पुढे कमी विषाचे वाण निघाले आणि बंदी असावी की नसावी यावर आपल्याच विदर्भात बरेच वाद झाले. एखाद्या वेळी खाण्यात आली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. रोग झाला तो डाळीने जितका, तितकाच दुसरे काही ताटात नसल्याने. मेंदूच्या पुस्तकात या रोगाचे पान आहे, पण त्या पानाचे औषध किमान वेतनाच्या कायद्यात आहे, असे मला वाटते.

घरात काय आले पाहिजे

रोगी आपले, खाटेवर आपण, शिकले डॉक्टर. त्यात वाईट काही नाही, असेच शिकावे लागते. पण शिकलेले आपल्याकडे परत आले पाहिजे. त्यासाठी कुटुंबांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

१. तोंड वाकडे, एक हात लुळा, बोलणे अडखळते, यांपैकी एक जरी गोष्ट एकाएकी झाली, तर घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन करा. मोठ्या माणसात रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते. सिकलसेलच्या मुलाला उपचार वेगळे, रक्त बदलावे लागते, पण घाई तितकीच. तेल, मालिश, उतारा यांत गेलेला तास परत मिळत नाही.

२. मिरगी हा मेंदूतल्या विजेच्या गडबडीचा आजार आहे. झटका आलेल्या माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, वेळ मोजा. चप्पल, कांदा हुंगवू नका. तोंडात चमचा घालू नका. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला तर दवाखाना. नियमित गोळीने बहुतेकांचे झटके थांबतात, मुली-मुलांची लग्ने होतात, नोकऱ्या होतात.

३. लग्न जुळवताना रक्ताची तपासणी आधी करा. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस मूल होण्याची शक्यता चारात एक असते. आपण पत्रिका पाहणे सोडले. त्या जागी रक्ताचा कागद पाहायला काय हरकत आहे? वधू-वर मेळाव्याच्या अर्जात हा एक रकाना घालावा. एएस असणे हा दोष नाही, लपवणे हा दोष आहे.

४. सिकलसेलच्या रुग्णाला सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळण्याची तरतूद आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. या रोगासाठी आयुष्य वेचलेले नागपूरचे कार्यकर्ते संपत रामटेके यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. कागदाची लढाई कारकुनी वाटते, पण ती लढावी लागते.

५. आपली मुले-मुली आता मेडिकलला जात आहेत. त्यांना एक विनंती. साडेअकरा वर्षांची वाट लांब आहे, पण मेंदूच्या शास्त्रात आपल्या रोगांवर काम करणारे आपले डॉक्टर हवेत. आणि सुट्टीत घरी याल तेव्हा विहारात एक तास बसा, आयाबायांना हातोडी आणि किल्ली दाखवा. परीक्षेपेक्षा अवघड प्रश्न तेथे विचारले जातील.

शेवटी त्या मुलाविषयी

लहानांच्या मेंदूला मोठ्यांपेक्षा सावरण्याची ताकद जास्त असते. एका भागाचे काम शेजारचा भाग थोडेफार शिकून घेतो, पण त्यासाठी रोज व्यायाम लागतो. चार महिन्यांत मुलगा चालू लागला. शब्द अडखळत का होईना परत आले. उजव्या हाताची बोटे अजून नीट उघडत नाहीत, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. एकदा लकवा झालेल्या सिकलसेलच्या मुलाला रक्त थांबवले तर तो पुन्हा होण्याची भीती फार मोठी असते. म्हणून दर महिन्याला त्याला रक्त चढवावे लागते. आईची त्या दिवसाची मजुरी बुडते, मुलाची शाळा बुडते. एक डॉप्लर वेळेवर झाला असता तर हे कदाचित टळले असते, हे आईला आता समजते, आणि मला तर तिच्याहून जास्त समजते.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. रांगेत कामठीकडची एक बाई पाच वर्षांच्या मुलीला घेऊन बसली होती. मुलगी एसएस, हातपाय दुखतात म्हणून आलेली. आमच्या मुलाच्या आईने तिला जवळ बसवून घेतले. डाव्या हाताचे बोट उजव्या खांद्यावर ठेवून, डोक्यातल्या तारा कशा ओलांडून जातात हे तिला दाखवले, अगदी त्या विद्यार्थिनीसारखे. मग म्हणाली, "दुखण्याची गोळी त देतीलच वं. पण आज मॅडमले डॉप्लरचं इचारजो. इचारल्याबगर उठू नोको."